श्रेय चूर्णाचं की चहातल्या साखरेचं?

प्रश्न : ताई, माझं वय ५६. सात महिन्यांपूर्वी मधुमेहाच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर, ८.१ निघालं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० ही गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू केली. त्याच आठवड्यात मेहुण्यांनी दालचिनी, मेथी आणि गुडमार यांचं चूर्ण आणून दिलं, सोबत क्रोमियमच्या गोळ्या. मीही घाबरून चहातली साखर सोडली. आधी दिवसाला पाच कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असायची. रात्री जेवल्यावर फिरायला जातो. वजन ७९ होतं, आता ७३ आहे. परवाचं एचबीएवनसी ६.८ आलं. मेहुणे म्हणतात, ही चूर्णाची करामत, आता मेटफॉर्मिन बंद कर. करू का?

उत्तर : नको. काही बंद करायचंच असेल तर चूर्ण बंद करा. मेहुण्यांची तळमळ खरी आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. चुकलाय तो त्यांचा हिशोब.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. तुमच्या फांदीवर तर एकाच आठवड्यात पाच कावळे येऊन बसले : मेटफॉर्मिन, चूर्ण, क्रोमियम, बिनसाखरेचा चहा आणि रात्रीचं चालणं. त्यातल्या एकाकडे बोट दाखवून मेहुणे म्हणतायत, हाच तो! आपण जरा प्रत्येकाचं वजन करून बघू.

पहिली साखर. चमचा सपाट धरला तरी त्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते. दहा चमचे म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम. सात महिन्यांत तुम्ही जवळपास साडेआठ किलो साखर पोटात जाऊ दिली नाही. एवढ्या साखरेचा ढीग एकदा स्वयंपाकघराच्या ओट्यावर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. दुसरं वजन. ७९ मधले ६ किलो म्हणजे साडेसात टक्के. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. त्यात एका गटाला सात टक्के वजन उतरवायला आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायला लावलं होतं. नुसती मोघम माहिती मिळालेल्या गटाच्या तुलनेत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी उतरलं. ही मंडळी अजून मधुमेही झाली नव्हती, तुम्हाला तो झालाय, त्यामुळे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लावणार नाही. पण जोर कशात आहे ते दिसतं. तिसरं तुमचं मेटफॉर्मिन. एचबीएवनसी एखाद्या टक्क्याने खाली आणणं ही त्याची नेहमीची कामगिरी.

तुमचा आकडा उतरलाय १.३. औषध, साखर आणि वजन या तिघांत तो वाटून टाकला की चूर्णाच्या पदरात पडायला फारसं काही उरतच नाही.

मग चूर्णात काहीच नाही का? दालचिनीची गोष्ट सांगते, कारण तिच्याबद्दलची पत्रं दर महिन्याला येतात. २००३ साली पाकिस्तानात ६० मधुमेहींवर एक प्रयोग झाला. १, ३ आणि ६ ग्रॅम दालचिनी चाळीस दिवस दिली आणि तिन्ही गटांत उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरल्याचं छापून आलं. जगभर बातमी गेली. पण एक ग्रॅमने जेवढं होतं, जवळपास तेवढंच सहा ग्रॅमनेही होतं, हे वाचूनच मला खटकलं होतं. खऱ्या औषधाची मात्रा वाढवली की परिणाम सहसा थोडा तरी हलतो. पुढे २०१२ साली कोक्रेन या संस्थेने तोवरचे १० प्रयोग, ५७७ माणसं, एकत्र करून पाहिली आणि मधुमेहासाठी दालचिनी सुचवावी एवढा पुरावा नाही असं सांगितलं. शिवाय बाजारात सर्रास मिळते त्या जाड सालीच्या कॅशिया दालचिनीत कुमारिन नावाचं द्रव्य असतं. ते रोज चमच्याने पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास देतं. स्वयंपाकात तुकडा टाकता तो खुशाल टाका.

मेथीबद्दल माझं मत जरा मऊ आहे. तिच्या दाण्यात पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा तंतू भरपूर असतो. पोटात त्याचा लगदा होतो आणि अन्नातली साखर सावकाश झिरपते. पण यातलं काम तंतूचं आहे आणि तंतूला मात्रा लागते. ज्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला त्यांत अनेकदा ५ ग्रॅमहून जास्त मेथी दिलेली होती. तीन वनस्पतींच्या मिश्रणातली चिमूटभर मेथी त्या हिशोबात बसत नाही. गुडमारचं नाव मात्र अगदी सार्थ आहे. त्याचं पान चावलं की काही वेळ जिभेला गोडच लागत नाही. मी करून पाहिलंय, साखर तोंडात वाळूसारखी लागते! एवढ्याने कुणाची मिठाई सुटली तर माझी हरकत नाही. रक्तातल्या साखरेवर त्याचे जे प्रयोग आहेत ते छोटे आणि कच्चे आहेत. राहिलं क्रोमियम. शरीराला ते अगदी कणभर लागतं आणि त्याची खरी कमतरता दुर्मीळ आहे. १९९७ मध्ये चीनमध्ये १८० मधुमेहींना ते देऊन चांगला फरक दिसला होता, पण नंतरच्या प्रयोगांत तो ठामपणे पुन्हा दिसला नाही. ज्याच्यात कमतरता नाही अशा मधुमेह्याने साखरेसाठी जीवनसत्त्वं, खनिजं किंवा दालचिनीसारखे पदार्थ पूरक म्हणून घ्यावेत असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही सांगत नाही.

आता तुम्ही करायचं ते एवढंच. आधी डॉक्टरांना चूर्ण दाखवा. मग ते आणि क्रोमियम बंद करा. बाकी सगळं, मेटफॉर्मिनसकट, आहे तसं चालू ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी करा. त्याच्या आधी करू नका. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि त्यांच्या अंगाला या काळात किती साखर चिकटली हेच ही तपासणी मोजते. दर पंधरा दिवसांनी ती करणं म्हणजे बी पेरून रोज माती उकरून बघणं. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय झालं ते कळतं. पाच बदलल्या की फक्त मेहुण्यांना कळतं.

आणि हो, मी तुम्हाला हे शहाणपण शिकवतेय ते स्वतः पोळल्यावर. ५१व्या वर्षी माझीच उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. १०० च्या आत हवी, १२६ ला मधुमेह म्हणतात, म्हणजे मी मधल्या पायरीवर. आहारतज्ज्ञ बाईची ही तऱ्हा! लाजेपोटी कुणाला न सांगता मी ड जीवनसत्त्व, मॅग्नेशियम आणि सफरचंदाचं व्हिनेगर हे तिन्ही एकदम सुरू केलं. तीन महिन्यांनी १०१. मी हरखले आणि याच सदरात व्हिनेगरची भलामण करून मोकळी झाले. पुढे जुनी वही चाळताना लक्षात आलं की त्याच तीन महिन्यांत माझ्या रात्रपाळ्या बंद झाल्या होत्या आणि अनेक वर्षांनी मी सलग सात तास झोपायला लागले होते. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचं काम बिघडतं हे मी दुसऱ्यांना शिकवत होते, स्वतःच्या वहीत मला ते दिसलं नाही. मग व्हिनेगर सोडलं. साखर जिथल्या तिथे राहिली. फरक पडला तो दातांत. एनॅमल झिजायला लागल्याचं दंतवैद्यांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा व्हिनेगरवरचा माझा तो जुना सल्ला मी इथे मागे घेते. जेवणासोबत ते घेतल्यावर साखर किंचित सावकाश चढते, एवढं त्यात तथ्य आहे. रोज पेला भरून पिण्याएवढं नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. साखर थोडी वाढली म्हणून इंटरनेटवर वाचून बर्बेरीन मागवलं. मुलगी रागावते. पण ते वनस्पतीतून काढलेलं, नैसर्गिक आहे. त्याने अपाय कसा होईल?

उत्तर : बाई, मुलीचं ऐका. पण तिने कारण सांगितलं नसेल तर ते मी सांगते.

मेटफॉर्मिन ही जगात मधुमेहावर सर्वात जास्त दिली जाणारी गोळी. तिचं मूळ कुठलं? गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या जांभळट फुलांच्या एका झुडपात. त्यातल्या ग्वानिडिन जातीच्या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ही गोळी घडवली आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ती मधुमेहींना दिल्याचं प्रसिद्ध केलं. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या हल्लीच्या ग्लिफ्लोझिन गोळ्यांचा पूर्वज १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडला होता. पोटात टोचायचं एक औषध तर गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचलं. म्हणजे औषधंसुद्धा निसर्गातूनच आली. फरक एवढाच की त्यांची मात्रा ठरली, अपाय मोजले गेले आणि कुणाला द्यायची नाहीत हे लिहून ठेवलं गेलं.

बर्बेरीनला मी कुचकामी म्हणणार नाही. २००८ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात नव्याने निदान झालेल्या ३६ जणांत त्याची मेटफॉर्मिनशी तुलना झाली. दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम, तीन महिने. बर्बेरीनच्या गटाचं एचबीएवनसी ९.५ वरून ७.५ वर आलं, मेटफॉर्मिनच्या बरोबरीने. अभ्यास लहान, मुदत थोडी, पण काहीतरी घडतं हे खरं. आणि म्हणूनच मला काळजी वाटते. जे साखर उतरवतं ते औषध आहे, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. बर्बेरीन यकृतातल्या ज्या विकरांना (एन्झाइमना) आवर घालतं, तीच विकरं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या शरीराबाहेर काढायचं काम करतात. ती मंदावली की रोजच्याच गोळीची रक्तातली पातळी चढते आणि त्याने स्नायू दुखू शकतात. पोट बिघडणं तर नेहमीचंच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी त्याला हातही लावू नये, त्याने बाळाची कावीळ घातक ठरू शकते.

दुसरी भीती वेगळी आहे. बाटलीत जे लिहिलंय तेच असेल कशावरून? २०१३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मधुमेहावर बेकायदा उत्पादनं विकणाऱ्या १५ कंपन्यांना ताकीद दिली. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या काही कॅप्सूलमध्ये न सांगता घातलेली साखरेची औषधंच सापडत आली आहेत. माझ्याकडे एकदा साठीच्या एक बाई आल्या होत्या. दुपारी घाम, थरथर, जीभ जड. बोट टोचून पाहिलं तर साखर ४८. साखरेचं कुठलंच औषध त्या घेत नव्हत्या, ‘फक्त एक हर्बल कॅप्सूल’ घेत होत्या. निव्वळ पाल्याच्या भुकटीने साखर अशी झपाट्याने सहसा कोसळत नाही. त्या कॅप्सूलमध्ये काय होतं ते मी सिद्ध करू शकले नाही, पण ती बंद झाल्यावर तसा झटका त्यांना पुन्हा आला नाही.

बाटली पिशवीत घाला आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका. मीसुद्धा माझं व्हिनेगर लपवलंच होतं की.

प्रश्न : वय ४१, वजन ९४ किलो, मधुमेह दोन वर्षांपासून. इन्सुलिन नाही, दोन प्रकारच्या गोळ्या आहेत. एकदा लागलेला मधुमेह मरेपर्यंत सुटत नाही हे खरं का? कुठलं पूरक घेतलं तर गोळ्या सुटतील?

उत्तर : पहिल्या प्रश्नाला ‘नेहमीच नाही’, दुसऱ्याला ‘कुठलंच नाही’.

ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरमध्ये आले. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नव्हती, इन्सुलिन चालू नव्हतं, अशी ३०६ माणसं. थोडक्यात, तुमच्यासारखी. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा द्रव आहार दिला, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं आणि वजन पुन्हा चढू नये म्हणून पाठपुरावा केला. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. वर्षाअखेरीस या गटातले ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. आणि ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के! माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही चूर्णाने याच्या जवळपासही जाताना मी पाहिलं नाही.

यामागची कल्पना अशी की यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना पुन्हा दम येतो. फार वर्षं गेली तर तो येत नाही. तुमची दोनच झालीत, म्हणून मी एवढं भरभरून लिहितेय.

आता पाणी ओतते. दुसऱ्या वर्षाअखेरीस ४६ चे ३६ टक्के झाले होते. वजन परतलं की साखरही परतते. त्यामुळे ‘बरा झाला’ असं न म्हणता ‘माघारी गेला’ म्हणतात, आणि तपासण्या दरवर्षी चालूच ठेवायच्या असतात. दुसरं, हे घरच्या घरी करू नका. तुम्ही गोळ्यांची नावं लिहिली नाहीत. त्यातली एक ग्लिमेपिराइडच्या जातीची असेल आणि तुम्ही जेवण एकदम निम्म्यावर आणलं, तर साखर ७० च्या खाली घसरून भोवळ येईल. ग्लिफ्लोझिन असेल आणि भात-पाव-बटाटा पार सोडलात, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि मीटर बघून तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. गोळ्या आधी कमी करायच्या की आहार आधी बदलायचा, हे डॉक्टरांसमोर बसून ठरवा. जाताना वजनाचा काटा घरी आहे असं सांगा, त्यांना बरं वाटेल.

प्रश्न : भात सोडवत नाही. फळंही बंद करायला सांगितलीत सगळ्यांनी. जगायचं कसं?

उत्तर : सगळ्यांनी म्हणजे शेजाऱ्यांनी, असं मी धरते.

भात सोडू नका, त्याचा नंबर बदला. ताटातली भाजी, कोशिंबीर, डाळ, अंडं किंवा मासा जे असेल ते आधी संपवा आणि भात शेवटी घ्या. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली हे करून पाहिलं होतं. जेवण तेच, क्रम उलटा. भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ली तेव्हा अर्ध्या तासाने साखर २९ टक्के, तासाने ३७ टक्के आणि दोन तासांनी १७ टक्के कमी भरली. माणसं फक्त ११ होती, त्यामुळे याचा झेंडा करून नाचू नका. पण यात गमवायला काही नाही आणि कुणी विकतही नाही. मी माझ्यावर करून पाहिलं. एकाच आकाराची वाटी, तोच भात, तीच डाळ. भात आधी खाल्ला त्या दिवशी तासाभराने १७१, शेवटी खाल्ला त्या दिवशी १३८. तुमचे आकडे वेगळे येतील. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने ८०० लोकांना आठवडाभर साखर मोजत राहणारा सेन्सर लावून पाहिलं, तर त्याच पदार्थाने एकाची साखर उसळते आणि दुसऱ्याची हलतही नाही असं दिसलं. म्हणून मैत्रिणीच्या तक्त्यावर विसंबू नका. ग्लुकोमीटरची पट्टी उपाशीपोटी सारखी वापरण्यापेक्षा अधूनमधून जेवणानंतर दोन तासांनी वापरा, आणि त्या आकड्याशेजारी तुम्ही काय खाल्लं ते लिहा. पंधरा दिवसांत तुमचा तक्ता तुम्हीच कराल.

जेवून उठलात की पंधरा मिनिटं चाला. चालणारे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. तेवढा वेळ नसेल तर भांडी घासा, मी तेच करते.

फळ चावून खा, पिऊ नका. संत्र्याचा रस काढला की तीन संत्री दोन घोटांत जातात आणि चोथा, जो कामाचा होता, तो टोपलीत जातो.

प्रश्न : एक तरी गोळी अशी आहे का जी मधुमेह्याने घ्यावी असं तुम्ही म्हणाल?

उत्तर : तपासून मग, बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आणि ते मधुमेहाने नसा खराब झाल्यामुळेच असं समजून माणूस गप्प बसतो. साधी रक्ततपासणी आहे. कमी निघालं तर भरून काढता येतं. त्याने साखर उतरणार नाही, चाल सुधारेल.

ड जीवनसत्त्वाकडून माझ्याही फार आशा होत्या. २०१९ मध्ये त्याचा मोठा निकाल आला : मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे २,४२३ लोक, निम्म्यांना रोज ४,००० युनिट, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. अडीचेक वर्षांत पहिल्या गटात २९३ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्यात ३२३ जणांना. फरक एवढा की योगायोगानेही पडू शकतो. हाडांसाठी लागत असेल तर घ्या. मॅग्नेशियम कमी असेल तरच घ्यावं, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नाही.

इसबगोल या सगळ्यांत मला त्यातल्या त्यात आवडतं, कारण तो शेवटी तंतू आहे. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा, नाहीतर त्या त्याच्या लगद्यात अडकतात. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर आणि सेन्सर खोटा चढा आकडा दाखवतात हेही लक्षात असू द्या. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन टोचलं तर पंचाईत.

प्रश्न : माझ्या मुलाला आठ महिन्यांपूर्वी टाइप वन मधुमेह निघाला. तो १४ वर्षांचा आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन. घरातली मोठी माणसं म्हणतात की कडक पथ्य आणि एक काढा सहा महिने दिला तर सुई सुटेल. त्याला टोचताना माझे हात कापतात. ताई, करून बघू का? आणि त्याला मैदानावर पाठवू की नको, हेही कळत नाही.

उत्तर : करून बघू नका. एक दिवससुद्धा नाही.

वर ज्यांना मी वजन, भात, चालणं सांगितलं, त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं पण पुरत नाही किंवा लागू पडत नाही. तुमच्या मुलाच्या शरीराने ते बनवणाऱ्या पेशीच नष्ट केल्यात. आजार वेगळा आहे, नाव दुर्दैवाने एकच.

मोठ्या माणसांना सांगा की पथ्याची परीक्षा पूर्वीच झालीये. इन्सुलिन नव्हतं तेव्हा डॉक्टरांच्या हातात पथ्याशिवाय काहीच नव्हतं. अमेरिकेतले फ्रेडरिक अ‍ॅलन हे डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. त्याने काही मुलं थोडी जास्त जगली, हाडांचे सापळे होऊन. त्याहून पुढे पथ्याने कधीच नेलं नाही. मग ११ जानेवारी १९२२ ला टोरंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू झालं. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि साखर खाली आली. तोही चौदाच वर्षांचा होता.

तुमचे हात कापतात ते थांबेल. माझ्याकडे येणाऱ्या आयांचे साधारण वर्षभरात थांबतात. मुलाला स्वतः टोचायला शिकवा, या वयाची मुलं आपल्याहून धीट असतात. मात्र त्याला उलट्या झाल्या, पोट दुखायला लागलं, श्वास खोल आणि जोरात चालू लागला किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास आला, तर घरात चर्चा न करता थेट रुग्णालय गाठा. जेवत नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका.

आणि मैदानावर पाठवा. खेळायच्या आधी बोट टोचून बघायला लावा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असू द्या. साखर ७० च्या खाली गेली किंवा नुसतं थरथरायला लागलं तरी १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडात टाकायचं, १५ मिनिटं बसायचं, पुन्हा मोजायचं. हे त्याच्या प्रशिक्षकांना आणि संघातल्या एका तरी मित्राला पाठ करायला लावा. खेळ बराच वेळ चालला तर साखर रात्री उशिरा उतरते, म्हणून त्या दिवशी झोपायच्या आधी एकदा मोजा. तो कुठला खेळ खेळतो ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात लिहा.